पिनेने वाजवलेली तिहाई

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. एकोणीसशे साठचं दशक संपता संपता इंग्लंडमधल्या काही संगीतकारांनी वीस-पंचवीस वादक एका खोलीत बसवून जॅझच्या लांबच लांब रचना बांधल्या. त्या मला आवडतात. त्या फारशा विकल्या गेल्या नाहीत, बऱ्याचशा पुन्हा छापल्याही गेल्या नाहीत, आणि जॅझमधले जाणकार म्हणवणाऱ्यांनाही त्यांतल्या निम्म्या ठाऊक नसतात. तरी मला आवडतात. ही आवड जरा विचित्रच आहे असं सिंगापुरात बऱ्याच जणांनी मला सुचवून पाहिलं. मी कोणालाही दाद दिली नाही.

संगीतकारांची आणि रेकॉर्डची नावं मी इथे देणार नाही. नाव सांगितलं की लोक फोन काढतात, ते गाणं किती जणांनी ऐकलंय तो आकडा बघतात, आणि आकडा लहान दिसला की 'अच्छा' म्हणून फोन खिशात टाकतात. ऐकायचं राहूनच जातं. हे माझ्या देखत इतक्या वेळा झालंय की आता मी सरळ पिन टेकवते आणि गप्प बसते.

आम्ही राहायचो वुडलँड्सला. भाडं जरा कमी, म्हणून तिकडे. मी पाया लेबारच्या एका ऑफिसात बँकांची सॉफ्टवेअर तपासायचे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळायचा. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझी फजिती होणार आहे ती याच बाबतीत.

दोन हजार बाराच्या सुमाराची गोष्ट. पुण्याहून येताना मी नाट्यपदांच्या दोन रेकॉर्ड उगाचच सोबत आणल्या होत्या. त्या वाजवायला प्लेअर हवा म्हणून सेंबावांगच्या बाजूला एका फॅक्टरी इमारतीत जुन्या सामानाचं दुकान होतं तिथे गेले. दुकानाचे मालक वयस्कर चिनी अंकल. त्यांनी कपाटांच्या ढिगातून एक प्लेअर काढून दिला आणि वर एक खोकं माझ्या हातात कोंबलं. त्या भागात पूर्वी ब्रिटिशांचा नौदलाचा तळ होता. ते लोक परत गेले तेव्हा सामान मागे राहिलं, ते हस्ते परहस्ते फिरत अंकलच्या दुकानात येऊन पडलं होतं.

"धिस वन नोबडी वाँट लाह," अंकल इथला नेहमीचा 'लाह' जोडून म्हणाले. "यू टेक, ओके? टेकिंग अप माय स्पेस."

कोणालाच नको म्हटलं की मला ती वस्तू हवीशी वाटते. हा माझा जुना दोष आहे. नवरा म्हणतो, त्याची निवडसुद्धा मी याच नियमाने केली.

खोक्यात अकरा रेकॉर्ड होत्या. चार नाचाच्या, दोन ख्रिसमसच्या, आणि बाकीच्या पाच या अशा. कोणा तरी नौदलातल्या माणसाने त्या इंग्लंडहून मागवल्या असणार, कारण कव्हरच्या मागे बारीक अक्षरात तारखा आणि 'अप्रतिम', 'पुन्हा ऐकणे' अशा अर्थाचे इंग्रजी शेरे होते. तो माणूस कोण होता मला माहीत नाही. पण इथल्या दमट हवेत, पंख्याखाली बसून, ज्या संगीताला त्याच्या देशातही गिऱ्हाईक नव्हतं ते तो मन लावून ऐकत होता, एवढ्यावरच मी त्याला आपला मानलं.

त्या पाचांतली एक मला सगळ्यात जवळची. तिच्या पहिल्या बाजूवर एकच रचना आहे, बावीस मिनिटांची. सुरुवातीला नुसता चेलो, आणि त्याच्या खाली ट्यूबा नावाचं ते भलंमोठं पितळी वाद्य, जे आपल्याला फक्त बँडच्या परेडमध्ये पोट फुगवून जाताना दिसतं. इथे ते इतकं हळू वाजतं की शेजारच्या खोलीत कोणीतरी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही असं वाटावं. मग चार फ्रेंच हॉर्न येतात. मग एका बाईचा आवाज, शब्दांशिवाय, ट्रंपेटच्या ओळीला चिकटून चालणारा. नवव्या मिनिटाला सगळा ताफा एकदम उसळतो आणि अंगावर येतो. आणि एकोणिसाव्या मिनिटाला सगळे थांबतात. फक्त ती बाई आणि ट्यूबा उरतात, सगळ्यात वरचा आवाज आणि सगळ्यात खालचा, मध्ये काहीही नाही. तिथे मला दर वेळी रडू यायचं. आजही येतं.

ते एकोणिसावं मिनिट माझ्याशिवाय आणखी कोणीतरी ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. फार मोठी नव्हती. पण ती पुरी व्हायला दोन वर्षं लागली.

आमची एक श्रवण-बैठक होती. महिन्यातून एकदा रविवारी चार वाजता मरीन परेडच्या एका कॉन्डोत दहा-बारा मराठी घरं जमायची. प्रत्येक वेळी एकाने रेकॉर्डिंग आणायचं, आधी दहा मिनिटं निरूपण करायचं, म्हणजे राग कोणता, ताल कोणता, घराणं कोणतं, काय कुठे ऐकायचं आणि दाद कुठे द्यायची, आणि मग वाजवायचं. शेवटी चहा आणि साबुदाण्याची खिचडी. ज्यांच्या घरी बैठक भरायची त्यांचे वडील आमचे काका. पुण्यात एका संगीत मंडळाचं चिटणीसपद त्यांनी तीस वर्षं सांभाळलं होतं. मुलाकडे राहायला आले आणि बैठकीचे आपोआप अध्यक्ष झाले. उजवा हात सतत मांडीवर, तालाची टाळी आणि खाली मोजत. बातम्या ऐकतानाही तो हात चालायचा.

माझी पाळी आली तेव्हा मी प्लेअर ट्रॉली बॅगेत घालून तीन गाड्या बदलत मरीन परेडला नेला. निरूपणाचे माझ्याकडे शब्दच नव्हते. राग नाही, घराणं नाही. मी म्हटलं, "हे ऐका." चौथ्या मिनिटाला कोणीतरी स्वयंपाकघरात भांडं वाजवलं, सहाव्याला एकाने विचारलं की हे कुठल्या सिनेमातलं आहे, आणि सातव्याला काका हसून म्हणाले, "अगं, वाद्यं छान आहेत हो. पण गाणं कधी सुरू होणार?" सगळे हसले. पिन उचलली गेली. खिचडी आली.

घरी जाताना MRTमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही. त्याने काहीही केलं नव्हतं, पण कोणावर तरी राग काढायचा होता. तुम्हीच सांगा, एक बंदिश पाऊण तास बसून ऐकणाऱ्या माणसांना बावीस मिनिटं जड का व्हावीत? उत्तर मला माहीत होतं. त्यात त्यांना आपलं काही सापडत नव्हतं. आणि आपलं काही सापडल्याशिवाय दुसऱ्याचं आवडून घ्यायचं नाही, हा आम्हा लोकांचा अलिखित कायदा आहे.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मला तिहाई सापडली.

नवव्या मिनिटाला ताफा उसळतो तिथे ट्रंपेटची एक चार मात्रांची तान आहे. ती मी शंभरदा ऐकली असेन. एका शनिवारी कपड्यांच्या घड्या घालताना माझ्या लक्षात आलं की ती तीन वेळा येते. हुबेहूब तीन वेळा, आणि तिसरीच्या शेवटी सगळा ताफा धाडकन समेवर. एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर यायचं, याला आपल्याकडे तिहाई म्हणतात, आणि कोणत्याही बैठकीत तिहाई आली की माणसं जागेवरून उडतात. मी चादर तशीच टाकली आणि पिन मागे नेली. पुन्हा तीन वेळा. दुसऱ्या दिवशीही तीन वेळा. एकदा चार वेळा झाल्यासारखं वाटलं, तेव्हा मी माझंच मोजणं चुकलं असं ठरवून टाकलं. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारी बाई ही.

पुढच्या बैठकीत मी काकांना म्हटलं, "पाचच मिनिटं द्या." आणि पिन आठव्या मिनिटावर टेकवली. काकांचा हात मांडीवर चालू होता. पहिली तान झाली, दुसरी झाली. तिसरीला त्यांच्या भुवया वर गेल्या आणि समेवर त्यांचा तळहात मांडीवर असा आपटला की बशीतला चमचा खाली पडला.

"तिहाई!" काका ओरडले. "अरे, गोऱ्याने तिहाई लिहिली!"

मग काय विचारता! सगळ्यांनी ती जागा पुन्हा ऐकली. पुन्हा आणि पुन्हा. काकांनी तिथल्या तिथे निरूपण केलं की त्या काळात आपले तबलजी विलायतेत जात होते, त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी शेजारी हा गोरा बसला असणार. आता दर बैठकीत फर्माईश व्हायची, "ती तिहाई लावा हो." मी प्लेअर न्यायचे, आठव्या मिनिटाला पिन टेकवायचे, तिहाई व्हायची, वाहवा व्हायची आणि कोणीतरी पिन उचलायचं. मी जिंकले होते, असं सगळे म्हणत. पण एकोणिसावं मिनिट कोणीही ऐकलं नव्हतं. नवव्याच्या पुढे कोणी जातच नव्हतं.

शेवटी मी हट्टाला पेटले. दिवाळीची बैठक मोठी असायची, बाहेरचे पाहुणे यायचे. मी काकांना सांगितलं, दिवाळीला ही बाजू पूर्ण वाजवायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नाहीतर मी पुन्हा प्लेअर आणणार नाही. काका म्हणाले, "ठीक आहे. पूर्ण वाजव. तिहाईचं निरूपण मी करतो."

दिवाळीला दोन आठवडे होते तेव्हा आवाज जरा फाटल्यासारखा यायला लागला, म्हणून मी नवी पिन आणली. दुकानदाराने पिनेच्या दांड्याचं, म्हणजे पिन रेकॉर्डवर दाबून धरणारं वजनही नीट करून दिलं, इतके दिवस ते फारच हलकं होतं म्हणाला. घरी येऊन मी बाजू लावली. आवाज असा स्वच्छ की चेलोवाल्याचा श्वास ऐकू यावा. नववं मिनिट आलं. ताफा उसळला, ट्रंपेटची तान आली, एकदा, आणि रचना सरळ पुढे निघून गेली.

माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल? नवी पिन खराब निघाली! मी दुकानदाराला फोन करणार होते. मग रेकॉर्ड खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरली, आणि मला तो दिसला. केसाएवढा बारीक ओरखडा, बरोबर त्या जागी, रेघांना आडवा गेलेला. हलकी जुनी पिन तिथे अडखळून मागच्या रेघेत पडायची, दोनदा पडायची आणि तिसऱ्यांदा पार व्हायची. तिहाई गोऱ्याने लिहिली नव्हती. विलायतेत कोणी कोणाच्या शेजारी बसलं नव्हतं.

नवरा आधी भरपूर हसला. "म्हणजे इतके महिने तुमच्या सगळ्यांची पिन अडकली होती," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून जरा गंभीर झाला. "जुनी पिन आहे ना डबीत? दिवाळीपुरती तीच लाव. कोणाला कळणार आहे?"

कोणालाच कळणार नव्हतं, हे खरं. जुन्या पिनेवर तिहाई झाली असती, वाहवा झाली असती, आणि या वेळी तरी पुढची तेरा मिनिटं लोकांनी सहन केली असती. दोन दिवस मी ती डबी उघडत आणि बंद करत होते. मग मला राग आला. स्वतःचाच. मला हे संगीत त्या तिहाईसाठी कधीच आवडलं नव्हतं. पहिल्यांदा मी रडले तेव्हा तिहाईचा पत्ताही नव्हता. मग माणसांच्या गळी उतरवायला मी त्याला उसनी टोपी का घातली? एका ओरखड्याच्या जोरावर त्या पंचवीस वादकांना आमच्या दिवाणखान्यात प्रवेश मिळणार असेल, तर त्यांनी बाहेर राहिलेलंच बरं. डबी मी कचऱ्याच्या शूटमध्ये, म्हणजे थेट तळमजल्याला जाणाऱ्या नळीत टाकली. आठव्या मजल्यावरून ती खाली जाईपर्यंतचा आवाज मी ऐकला.

काकांना आधी फोन करून सांगावं असं दहादा वाटलं. धीर झाला नाही, हेही कबूल करते.

दिवाळीच्या बैठकीला पस्तीसेक माणसं होती. काका नवा कुर्ता घालून, हातात निरूपणाचा कागद घेऊन उठणार इतक्यात मीच उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. ओरखडा, पिन, वजन, सगळं. "तिहाई नाही आहे," मी म्हटलं. "कधीच नव्हती. ती माझी चूक होती, मी तुम्हाला ती विकली. आता बावीस मिनिटांची ही बाजू आहे, तिच्यात आपलं काहीएक नाही, आणि मला ती या जगातल्या बहुतेक गोष्टींहून जास्त आवडते. ज्यांना जायचं त्यांनी आत्ताच चहाला जावं. पिन मध्ये उचललेली मला चालणार नाही."

कोणीतरी खो खो हसलं. एक बाई म्हणाल्या, "मग आता एखादा अभंगच लावूया ना." मागून दोघं-तिघं उठलेसुद्धा. मी काकांकडे बघायचं टाळत होते. सहा महिने ते येईल त्याला ती तिहाई ऐकवत होते, आणि मी भर बैठकीत त्यांच्या कागदाचा बोळा केला होता.

काका उठले. कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

उठलेले दोघं-तिघं दारातच थांबले.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. झांजेचा आवाज तीनही वेळा एकाच जागी तुटत होता. वाजवणारा माणूस झांज अशी तोडत नाही. आणि माणूस तीनदा इतकं सारखं वाजवूच शकत नाही, मग तो कितीही मोठा असो." ते माझ्याकडे वळले. "अगं, पहिल्यांदा तू आणलंस आणि मी हसलो ना, त्याच रात्री मला ते ट्यूबाचं वाजणं सारखं आठवत होतं. आवडलं होतं मला. पण का आवडलं ते सांगता येईना. आणि सांगता येत नाही ते आवडलं म्हणायची मला आयुष्यात सवय नाही. तू तिहाई आणलीस. मला कारण मिळालं, मी घेतलं."

मला काय वाटलं ते सांगते. गहिवर वगैरे नंतर आला. आधी मला संताप आला. सहा महिने, काका! सहा महिने तुम्हाला ते आवडत होतं आणि तुम्ही नवव्या मिनिटाला पिन उचलू दिलीत!

मी हे मोठ्याने बोलले असणार, कारण काका मान खाली घालून म्हणाले, "हो. चुकलंच." तीस वर्षं चिटणीस असलेल्या माणसाला पस्तीस जणांसमोर हे म्हणताना मी पाहिलं आणि माझा राग तिथेच संपला. मग ते लोकांकडे वळले. "आज निरूपण नाही. मला सांगण्यासारखं काही नाही. मला हे आवडतं. बसा सगळे."

अर्धे बसले. बाकीचे चहाला गेले, आणि जाऊ देत. मी पिन टेकवली.

चेलो आला, ट्यूबा आला, हॉर्न आले. नवव्या मिनिटाला ताफा उसळला, तान एकदाच झाली आणि पुढे गेली, आणि कोणालाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या. अठरावं मिनिट सरलं. मग सगळे थांबले, आणि ती बाई आणि ट्यूबा, दोघंच उरली.

मी काकांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, बोटं सैल. ते मोजत नव्हते.